वाडा पाडताना शेजारची भिंत कोण सांभाळणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या मध्यवस्तीतल्या धोकादायक वाड्यांची पाहणी होते, दारांवर नोटिसा लागतात. जुलैत एखादी भिंत कोसळली की आठवडाभर पेठांच्या पुनर्विकासाची चर्चा होते. बहुतेकांचे म्हणणे एकच असते: चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण, वाढवून द्या, वाड्यांचा प्रश्न सुटेल. एफएसआयचा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, शुक्रवार या पेठांमधला वाडा ही सुटी इमारत नाही. तो दोन्ही शेजाऱ्यांना खांदा लावून उभा आहे. परवानगी मात्र एकेका सिटी सर्व्हे नंबरला मिळते, जणू आजूबाजूला मोकळे मैदान आहे. पेठांमध्ये दुरुस्ती, पाडकाम आणि नवे बांधकाम करणारे आम्ही काही जण याच मुद्द्यावर लिहीत आहोत.

वाडा कसा उभा असतो, हे आधी सांगायला हवे. खाली घडीव दगडाचे जोते. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि तुळयांवर कडीपाट, म्हणजे जवळजवळ लावलेल्या कड्या, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चांगली अर्धा फूट माती. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, बाहेरून वीट आणि आत पांढरी माती. ही माती कोरडी असते तोवर दगडासारखी वागते. भिजली की तिचा चिखल होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्याच्या धक्क्याने पडले, तसेच भिंतींचे पाय विरघळूनही पडले. लाकडी सांगाडा शाबूत आणि भिंती बसलेल्या, हे दृश्य जुन्या पुणेकरांना आठवत असेल.

आता मधला एक वाडा पाडला की काय होते ते पाहा. सामाईक भिंतीत दोन्ही बाजूंच्या कड्यांची टोके रुतलेली असतात आणि दोन्हीकडच्या मजल्यांनी ती भिंत मध्ये धरून ठेवलेली असते. एका बाजूच्या कड्या निघाल्या की भिंतीचा एका बाजूचा आधार जातो आणि दुसऱ्या बाजूचा भार तसाच राहतो. कड्या उपसल्या तिथे ओळीने भोके पडतात. शंभर-दीडशे वर्षे घराच्या आत असलेली भिंत पहिल्यांदाच उघड्यावर येते. तिला गिलावा नसतो, वर पन्हळ नसते, माथ्यावर छप्पर नसते. पहिल्या मोठ्या पावसात माथ्यावरून आणि भोकांतून पाणी आत उतरते, मातीचा गाभा फुगतो, बाहेरची विटांची कातडी पोट काढते आणि एका रात्री सुटते. बातमीत ‘जीर्ण वाड्याची भिंत कोसळली’ असे छापून येते. वाडा जीर्ण असेलही, पण ती भिंत शेजारच्या पाडकामामुळे पडलेली असते.

हे टाळण्याची रीत अवघड नाही. पाडकाम वरून खाली आणि हाताने करायचे: आधी कौले, मग वासे, मग माती खाली उतरवून फळ्या आणि कड्या. मातीचा ढीग मधल्या मजल्यावर साठू द्यायचा नाही. भिजलेल्या मातीच्या ढिगाने खालचा मजला बसतो. सामाईक भिंतीजवळ जेसीबी लावायचा नाही, त्याच्या हादऱ्याने माती आणि विटा यांची पकड सुटते. सामाईक भिंतीत रुतलेल्या कडीला हात लावण्यापूर्वी त्या भिंतीला प्रत्येक मजल्याच्या पातळीवर तिरके टेकू द्यायचे, साधारण आठ-दहा फुटांवर एक. टेकूचा पाय नुसत्या जमिनीवर ठेवायचा नाही. खड्डा करून, त्यात फळी बसवून, पाचरीने घट्ट करायचा. कडी निघाली की तिचे भोक त्याच दिवशी विटेने आणि चुन्याने बुजवायचे. भिंतीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना उतार देऊन पत्रा घालायचा, आणि उघड्या पडलेल्या अंगावर बांबूंना बांधून पत्रे लावायचे, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून. प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चिकटवून लावणारे पुष्कळ आहेत. त्याने ओल आतच कोंडते आणि भिंत आतून सडते. अंतर ठेवा, वारा फिरू द्या.

पायाचे खोदकाम हे याहून नाजूक. पेठेतल्या जुन्या भिंतींचा पाया बहुधा फार खोल नसतो, आणि नव्या इमारतीला वाहनतळासाठी तळघर हवे असते. भिंतीला लागून सलग चर खणला की पायाखालची जमीन एका बाजूला मोकळी होते आणि भिंत खड्ड्यात सरकते. म्हणून खोदाई टप्प्याने करावी लागते: चार-पाच फुटांचा एक तुकडा खणायचा, शेजारच्या भिंतीखाली आधार बांधून घ्यायचा, मग एक तुकडा सोडून पुढचा. आधीचे काम पक्के झाल्यावरच मधले तुकडे उघडायचे. वेळ लागतो, खर्च वाढतो, म्हणून हे टाळले जाते. जागेवर जुना आड (लहान विहीर) कुठे होता हेही आधी शोधावे. बहुतेक वाड्यांना आड होता, पुढे नळ आले आणि आड राडारोड्याने भरले गेले. नव्या इमारतीचा कॉलम नेमका त्या भरावावर आला की दोन-तीन वर्षांत इमारतीला भेगा जातात.

पाडकामाच्या परवानगीच्या कागदांत यातले किती मागितले जाते? आमची पहिली मागणी हीच आहे. शेजारच्या दोन्ही भिंतींचा आराखडा, टेकूंची रचना, पावसापासून संरक्षण आणि खोदाईचा क्रम जोडल्याशिवाय पाडकामाला परवानगी मिळू नये. जून ते सप्टेंबर सामाईक भिंत उघडी करणारे पाडकाम बंद असावे. जीव धोक्यात असेल तिथे महापालिकेच्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. पाडणाऱ्याकडून अनामत घ्यावी, आणि शेजाऱ्याची भिंत शाबूत असल्याचा पंचनामा झाल्यावरच ती परत करावी.

दुसरी गोष्ट ‘धोकादायक’ या शिक्क्याची. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार बंधनकारक आहे. धोकादायक इमारतींची चार गटांत वर्गवारीही केली जाते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. वर्गवारी चांगली आहे. पण तपासणीची पद्धत काँक्रीटची आहे. काँक्रीटवर मारायचा रिबाउंड हॅमर मातीच्या भिंतीवर मारून काहीही कळत नाही. वाड्याच्या तपासणीत पाहायचे ते निराळेच. खांबाचा तळखड्याजवळचा हातभर भाग आणि कडीची भिंतीत शिरलेली टोके, लाकूड कुजते ते याच ठिकाणी. दाभण किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबून तो किती आत जातो ते पाहायचे, लाकडी ठोकळ्याने ठोकून आवाज खणखणीत येतो की बद्द, ते ऐकायचे. वाळवीची घरे भिंत आणि कडी यांच्या सांध्यात शोधायची. भिंतीच्या पोटाला ओळंबा लावायचा, भेगेवर काचेची पट्टी चिकटवून महिना-दोन महिन्यांत ती तडकते का ते बघायचे. एवढे केले की कितीतरी वाडे सी-१ मधून सी-२बी मध्ये येतील.

कारण नुकसान बहुतेक वेळा सगळ्या वाड्याचे नसते, ते ओल्या कोपऱ्यांचे असते. वाडा एका कुटुंबासाठी बांधला होता. पुढे खोली-खोलीत भाडेकरू आले, वरच्या मजल्यावर मोऱ्या आणि स्वच्छतागृहे झाली. कडीपाटावरची माती ही ओल सोसणारी नाही. हिशेब करून पाहा: दहा बाय बाराच्या खोलीत अर्धा फूट माती म्हणजे सुमारे पावणेतीन टन वजन आधीच आहे. त्यावर सिमेंटचा थर घालून शहाबादी फरशी बसवली की आणखी पावणेदोन-दोन टन. कोपऱ्यात पाचशे लिटरची टाकी ठेवली की अर्धा टन. मोरीची गळती लागली की माती पाणी पिते आणि वजन वाढतच जाते, तिकडे त्याच ओलीने कडीचे टोक कुजत असते. वजन वाढते आणि आधार घटतो, एकाच जागी. मजला तिथेच बसतो.

यावरचा उपाय सुताराला आणि गवंड्याला ठाऊक आहे. मोरी कडीपाटावरून काढून जोत्यावर किंवा स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर न्यायची. जादा फरशी आणि सिमेंट उचलायचे. तुळईखाली जॅक आणि टेकू लावून खांबाचा कुजलेला पाय कापायचा, जुने आणि नवे सागवान निम्मे-निम्मे तासून एकमेकांवर बसवायचे आणि आरपार बोल्टने आवळायचे. कडीचे टोक कुजले असेल तर दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या लावून भार पुढे भिंतीवर न्यायचा. भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र कधीही करू नये. सिमेंट मातीला धरत नाही आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. पाच-सात वर्षांत तो गिलावा माती घेऊनच पत्र्यासारखा सुटतो. चुना वापरावा, तो किमान पंधरा दिवस पाण्यात भिजवून ठेवलेला, एक भाग चुन्याला दोन-अडीच भाग वाळू आणि विटांची सुरखी (भुकटी). बेलफळ आणि गूळ घालण्याची जुनी रीत अजून जाणणारे गवंडी आहेत, पण मोजकेच उरलेत.

मग दुरुस्ती होत का नाही? इथे मालक आणि भाडेकरू दोघांवरही अन्याय आहे आणि तो कायद्याच्या आकड्यांतच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. तेव्हा महिना ३० रुपये भाडे असेल, तर चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे ८० रुपये होते. आठ भाडेकरू धरले तर मालकाच्या हाती वर्षाला साडेसात-आठ हजार रुपये येतात. एक तुळई बदलायची म्हटली तरी यात भागत नाही. मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, असेही कायदा सांगतो. पण वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. ८० रुपये महिना म्हणजे वर्षाचे ९६० रुपये, त्याचा चौथा हिस्सा २४० रुपये. पाटी-फावड्याचे पैसेसुद्धा निघत नाहीत.

मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. त्याच्या कामाबद्दल तक्रारी असतील, पण दुरुस्तीसाठी दार ठोठवायला एक जागा तरी आहे. पुण्यातल्या पेठांना तशी जागा नाही. आमची दुसरी मागणी: पेठांसाठी स्वतंत्र दुरुस्ती निधी हवा. मालक, भाडेकरू आणि महापालिका यांचा ठरलेला वाटा असावा, लाकूड आणि चुन्याच्या कामाची वेगळी दरसूची असावी, आणि सी-२बी गटातल्या वाड्याला दुरुस्तीची परवानगी मार्चअखेर हाती पडावी. मे महिन्यात मिळालेली परवानगी पाऊस सुरू झाल्यावर काय कामाची?

पाडण्याकडे कल का असतो, याचे आणखी एक कारण कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पाडकामाचा ठेका बहुधा जुन्या लाकडाच्या बदल्यात दिला जातो. सागवानी खांब, तुळया, कोरीव दरवाजे ठेकेदार घेऊन जातो आणि मालकाला उलट पैसे मिळतात. म्हणजे दुरुस्तीला खर्च आणि पाडकामाला कमाई. निघालेल्या लाकडाची मोजून नोंद व्हावी आणि त्यातला ठरावीक भाग पेठेतल्याच दुरुस्तीच्या कामांसाठी राखला जावा. मुरलेले जुने सागवान आकसत नाही, वाकत नाही. कुजलेल्या खांबाला जोड द्यायला त्याच्याइतके चांगले लाकूड बाजारात विकत मिळत नाही.

आता जे वाडे खरोखर पाडावेच लागतील त्यांच्याविषयी. सोळा फूट दर्शनी रुंदी आणि ऐंशी फूट खोली हा पेठेतला नेहमीचा भूखंड. अशा भूखंडावर दोन्ही बाजूंना एकेक मीटर जागा सोडायला लावली तर सोळातले साडेसहा फूट गेले, उरले साडेनऊ. त्यातच जिना, लिफ्ट आणि पाण्याची टाकी. घर कुठे बसवायचे? उलट अजिबात जागा न सोडता उंच इमारती चिकटवल्या तर मधल्या खोल्यांना उजेड-वारा नाही आणि आग लागली तर बंब पोचत नाही. जुन्या वाड्याने हा प्रश्न चौकाने सोडवला होता: बाजू बंद, मध्ये मोकळे आकाश. तीन शेजारी एकत्र आले तर अठ्ठेचाळीस फुटांची रुंदी मिळते, जिना-लिफ्टचा एकच संच लागतो आणि मध्ये मोठा चौक सोडता येतो. म्हणून बाजूच्या अंतरातली सवलत एकट्या भूखंडाला न देता एकत्र येणाऱ्या शेजाऱ्यांना आणि चौक राखणाऱ्या नकाशाला द्यावी. आमची तिसरी मागणी हीच आहे. ‘क्लस्टर’ म्हणून संपूर्ण ब्लॉक एका हाती देण्याची गरज नाही. तीन-चार वाड्यांचा गट पेठेला झेपतो. प्रॉपर्टी कार्डावर आजोबा-पणजोबांचीच नावे असल्याने एवढा गट जुळवायलाही वर्षे जातात, तेव्हा वारसनोंदीसाठी पेठनिहाय शिबिरे घेतली तर मोठे काम होईल.

भाडेकरूंना आम्ही कळकळीने सांगतो: वाडा उतरवण्यापूर्वी आपल्या ताब्यातल्या जागेची मोजणी करून घ्या. खोली, पडवी, माळा, मोरी, सगळे आतून टेपने मोजून, मालक आणि महापालिकेच्या प्रतिनिधीच्या सहीचा पंचनामा घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. वाडा पडला की जागेचा दुसरा पुरावा उरत नाही. विकसकाशी होणारा करार नोंदणीकृतच हवा. त्यात नव्या घराचे चटई क्षेत्र (आतले वापराचे क्षेत्र), मजला, बांधकाम होईपर्यंतचे भाडे आणि मुदत लिहिलेली हवी. आणि हेही लक्षात ठेवा, की ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची नोंदणी सक्तीची नाही. वर सांगितलेला सोळा बाय ऐंशीचा भूखंड जेमतेम १२० चौरस मीटरचा. म्हणजे पेठेतल्या बहुतेक कामांना ते संरक्षण लागूच होत नाही. काम अर्धवट राहिले तर धावायचे कुठे? अशा छोट्या प्रकल्पांना भाडेकरूंच्या घरांपुरती बँक हमी सक्तीची करावी.

शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांची कोंडी निराळी आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम नाही. जुन्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र परवानगी घेऊन करता येते. हे पुष्कळांना माहीतच नसते. ‘इथे काही करताच येत नाही’ असे समजून घरे तशीच सोडली जातात आणि पडतात. पडल्यावर दुरुस्तीचा हक्कही संपतो. या घरांना दुरुस्ती निधीत पहिला क्रम मिळाला पाहिजे.

तळमजल्यांबद्दलही लिहायला हवे. तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज, बुरूड आळीतल्या टोपल्या, अप्पा बळवंत चौकातली पुस्तके, तापकीर गल्लीतले विजेचे सामान, हे सगळे रस्त्याला लागून असलेल्या तळमजल्यावर चालते. नव्या इमारतीत तळमजला वाहनांना जातो. ओळीने चार इमारती अशा झाल्या की रस्त्याला दुकानांऐवजी अंधारे गाळे आणि साखळ्या येतात, आणि संध्याकाळी त्या गल्लीतून चालावेसे वाटत नाही. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ आणि मंडई या स्थानकांवर थांबते आहे. स्थानकापासून चालत पोचता येणाऱ्या वाड्यांना जागेवर वाहनतळाची सक्ती कशासाठी? त्याऐवजी शुल्क घेऊन मंडईजवळ आहेत तसे महापालिकेचे सामाईक वाहनतळ वाढवावेत आणि तळमजला धंद्याला व कारागिरांना राखावा. जुन्या कारागिराला त्याच्या भट्टीसह परत जागा द्यायची असेल तर धुराडे आणि मजबूत जमीन नकाशातच दाखवावी लागते. नंतर सोय होत नाही.

शेवटी खोदाई करणाऱ्यांसाठी एक तातडीची गोष्ट. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणलेला भुयारी नळ आजही पेठांच्या पोटात आहे. माणूस आत उभा राहील एवढा तो उंच आहे, आणि काळा हौद, बदामी हौद ही नावे त्याच्यामुळेच पडली. तळघर खणताना त्याची कमान लागते, दगड-वीट दिसते, पाणी येते, आणि घाईघाईने काँक्रीट ओतून तो बुजवला जातो. मग वरच्या अंगाला अडलेले पाणी शेजारच्या वाड्यांच्या जोत्यात शिरते, आणि तिथल्या भिंतींना ओल का धरली याचा कुणाला पत्ता लागत नाही. या नळाचा मार्ग आणि त्याचे उसासे, म्हणजे हवेसाठी वर काढलेली तोंडे, बांधकाम परवानगीच्या नकाशावर दाखवावेत. कमान दिसली की काम थांबवून महापालिकेच्या वारसा विभागाला कळवण्याची अट परवानगीपत्रात लिहावी. तोवर खोदाईवर असणाऱ्या प्रत्येक मुकादमाला आमची विनंती आहे: विटांची कमान दिसली की जेसीबी बंद करा आणि आत पाणी वाहते आहे का, ते आधी बॅटरी लावून पाहा.

आपले,
पुण्याच्या पेठांमध्ये काम करणारे काही स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद, गवंडी आणि सुतार